कावळेमार

"ऐकू येत न्हाय व्हय?" असं म्हणून कुणीतरी तानाबाईच्या डाव्या खांद्याला बोट टोचलं आणि ती दचकून खिडकीकडं सरकली. हुपरीची एसटी स्टँडाच्या फाटकातून बाहेर पडत होती. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. "दोनदा म्हटलं की बाई, सरका जरा म्हणून," माणूस म्हणाला आणि तिच्या शेजारी टेकला. त्याच्या मांडीवरच्या कापडी पिशवीत चांदीची पैंजणं बारीक वाजली. तिनं मान वळवून बघितलं. मान जाड झाली होती, मिशी पांढरी होत आली होती, पण तालमीत मोडलेलं नाक तेच होतं आणि बोलून झाल्यावर खालचा ओठ आत ओढायची खोडही तीच. तो ज्ञानू होता. तिचा नवरा. त्यानं तिच्याकडं बघितलं, चांगलं तोंडाकडं बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत काहीच हाललं नाही. "उचगावला उतरणार व्हय?" त्यानं विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून त्याला राग आला नाही. खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढून त्यानं चार दाणे तोंडात टाकले आणि पुडी तिच्यापुढं धरली. "घ्या की. खारं हायत." आणि तिचा हात पुढं झाला. मेंदूनं काही ठरवायच्या आधी हात पुढं झाला, तळव्यावर दाणे पडले, मूठ मिटली. उचगावच्या थांब्यावर ती त्याच्या गुडघ्यांवरून वाट काढत उतरली, तेव्हा त्यानं पाय बाजूला घेतले होते, पिशवी छातीशी धरली होती, म्हाताऱ्या बाईला कुणीही द्यावी तशी जागा दिली होती.

घरापर्यंतच्या वाटेवर तिनं मूठ उघडली नाही. दिवसभर मार्केट यार्डातल्या अडतीत गुळाचे ढेपेसारखे रवे तरटात शिवून तिची बोटं चिकट झालेली असत, त्यात दाण्यांचं मीठ कालवलं गेलं. तिला वाटत होतं की आपण मूठ उघडली तर आत दाणे नसतील, दुसरंच काहीतरी असेल, ओलं, अंडं फुटल्यावर निघतं तसं. डावा कान त्यानंच फोडला होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, त्याच्या मळ्यात, आंब्याखाली. त्याच्या तालमीतली पोरं गोफणीनं वरचा पाड पाडायला बघत होती, ज्ञानूचाही नेम पुन्हा पुन्हा चुकत होता. न्याहारी घेऊन आलेल्या तानीनं हसत गोफण मागून घेतली आणि पहिल्याच दगडाला आंबा खाली आणला. पोरं हसली. ज्ञानूही हसला, सगळ्यांत मोठ्यानं हसला. घरी आल्यावर त्यानं दाराला कडी घातली आणि उघड्या पंजानं तिच्या कानावर मारलं. मारून विचारलं, ऐकू येतंय का? तिनं व्हय म्हटलं. पुन्हा मारलं. आता येतंय का? ती व्हय म्हणत राहिली, कारण तिला वाटलं, व्हय म्हटलं की थांबेल. शेवटी तिला त्याचे ओठ नुसते हलताना दिसले आणि कानातून काहीतरी कोमट मानेवर उतरलं, तेव्हा तो थांबला. इतक्या वर्षांत ती मनातल्या मनात त्याला हजार वेळा भेटली होती. विहिरीच्या काठावर भेटली होती, बाजारात, त्याच्या मयताला. प्रत्येक वेळी तिला बघून त्याचा चेहरा पांढरा पडायचा. आणि आज तो शेंगदाणे घ्या म्हणाला.

घरात कुणी नव्हतं. भाऊ बाळासो उद्यमनगरात लेथवर होता, दिवेलागणीला यायचा. तिनं दाणे परसात कोंबड्यांना टाकले, हात राखेनं घासले, पुन्हा घासले आणि फळीवरून बंदूक खाली घेतली.

बंदूक बापाची. बाप आकाराम कोल्हापूर संस्थानच्या शिकारखान्यात बंदुका पुसायला होता. संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला, तेव्हा एका सरदारानं जाता जाता ही त्याच्या हातात ठेवली. विलायती, बारीक नळीची, पोरीच्या हाताला झेपेल एवढी हलकी. तिकडं इंग्लंडात शेतातले कावळे मारायला असल्या बंदुका करत, असं त्या सरदारानं सांगितलेलं. म्हणून बाप तिला कावळेमार म्हणायचा. कान फुटून तानी माहेरी आली तेव्हा आकाराम जावयाच्या दारात भांडायला गेला नाही की पोरीला पोटाशी धरून रडला नाही. एक दिवस तो तिला ओढ्याकडं घेऊन गेला, बंदूक तिच्या खांद्याला लावली आणि म्हणाला, "अर्धा आवाज तुला लागनारच न्हाय. बरंच हाय की." ती हसली होती. माहेरी आल्यावर पहिल्यांदा हसली होती. दूरच्या फांदीला टांगलेली करवंटी नळीवरच्या नेमाच्या माशीच्या टोकावर येऊन बसली, श्वास आपोआप थांबला, चाप बोटाखाली लोण्यासारखा मऊ झाला आणि टप्प असा लहान, कोरडा आवाज होऊन करवंटीचे तुकडे उडाले. खांद्याला बसलेला तो हलका धक्का तिला आवडला. एखाद्यानं मायेनं ढकलावं तसा होता. पुढं तिला कळलं की सगळ्या आठवड्यात तेवढाच एक क्षण असतो ज्यात आपल्या डोक्यात कुणीच नसतं.

या बंदुकीची काडतुसं विलायतेत बनायची बंद झाली होती, म्हणून घरीच भरावी लागत. काडतुसांची वापरलेली पितळी टोपणं उकळून, पुसून, पुन्हा भरायची. बाप गेल्यावर ते काम तिनं घेतलं. परवाना बाळासोच्या नावावर होता, पण बाळासोला बंदुकीची भीती वाटायची. तो फक्त अवजारं करून द्यायचा. गोळी बसवायचा दट्ट्या, टोपणाचं तोंड सरळ करायची सळई, सगळं त्यानं लेथवर वळवलेलं, आरशासारखं. शिसं ओतायचा साचा मात्र बापाच्या वेळचा होता. शिकारीवर बंदी आली त्यानंतर तिनं चिमणीसुद्धा मारली नव्हती. रविवारी ओढ्यात करवंट्या फोडायच्या, एवढंच. पण खरं तर तिला उडवण्याइतकंच भरणं आवडायचं. टोपण डाव्या बाजूला रांगेत उभं करायचं, तळाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मापाच्या चमच्यानं दारू घालायची, प्रत्येकात डोकावून बघायचं, मग गोळीला मेण लावून ती अंगठ्यानं टेकवायची आणि दट्ट्या दाबायचा. बाप सांगायचा, भरताना बोलायचं न्हाय, गाणं म्हणायचं न्हाय आणि रागात तर दारूच्या डबीला शिवायचंच न्हाय.

आज ती शिवली. संध्याकाळचं ऊन उंबऱ्यावर होतं आणि ती पाटावर बसून भरत होती. भरणं हेच तिला शांत करायचं, म्हणून ती बसली होती, निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं. पण पहिल्याच टोपणाशी तिला त्याची छाती दिसली. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, आतले पांढरे केस. गोळी तिथं जाईल. लहान भोक पडेल, शेंगदाण्याएवढं. तो आधी खाली बघेल, मग वर बघेल आणि मग विचारील, बाई, तुम्ही कोण? तेव्हा तिनं जवळ जाऊन त्याच्या तोंडावर पाय ठेवायचा. नाक पुन्हा मोडल्याचा आवाज तिनं ऐकला. दात तळपायाला लागले. चमचा डबीत गेला, वर आला. ऐकू येतंय का? आता येतंय का? तो व्हय म्हणेल आणि ती पुन्हा चाप ओढील, मांडीत, पोटात, तो व्हय म्हणत राहील. तिच्या तोंडात पाणी सुटलं होतं. दट्ट्या दाबताना दात एकमेकांवर घासत होते. मधेच ती भानावर आली तेव्हा तिच्या हातात चमचा होता आणि तो रिकामा होता. समोरची टोपणं बंद झाली होती, सगळ्यांवर गोळ्या बसल्या होत्या. कुठल्यात दारू घातली, कुठल्यात घातलीच नाही, कुठल्यात दोनदा गेली, यातलं तिला काहीच सांगता आलं नसतं. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अंगावरचं वस्त्र सुटावं तशी लाज तिला वाटली. तिनं ती काडतुसं निराळ्या पत्र्याच्या डबीत टाकली आणि डबी कोनाड्यात ठेवली. उद्या उकलून परत भरू, असं मनाशी म्हणाली.

बाळासो आला, हातपाय धुऊन जेवायला बसला आणि तिच्याकडं बघून म्हणाला, "आक्का, काय झालंय?"

"काय न्हाय."

"तोंड बघ की तुजं."

ती सांगणार नव्हती. भाकरी थापता थापता तिच्या तोंडून गेलं, "ज्ञानू भेटला गाडीत. शेजारी बसला. मला वळखलं न्हाय."

बाळासोचा घास हातातच राहिला. ती माहेरी आली तेव्हा तो लहान होता, तिच्या मानेवरचं वाळलेलं रक्त त्यानंच ओल्या फडक्यानं पुसलं होतं. पुढं त्यानं लग्न केलं नाही. आक्काला कोण बघायचं, असं म्हणायचा आणि लोक त्याला हसायचे. त्याचं हे ऋण तिला कधी जड व्हायचं, कधी त्याचा रागच यायचा.

"वळखलं न्हाय?" तो म्हणाला. "म्हंजी इसरला?"

"शेंगदानं दिलं मला."

"आनि तू घेतलंस?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. बाळासो ताटावरून उठला. "कुठं असतोय त्यो आता?" त्यानं चूळ भरत विचारलं. ती म्हणाली, "हुपरीत असंल. पैंजणं हुती पिशवीत. तुला काय करायचंय?" त्यानं तांब्या जागेवर ठेवला. तिला वाटलं, विषय संपला. बाळासोचे विषय असेच संपत.

दुसऱ्या दिवशी अडतीत तिनं सुई दोनदा बोटात घालून घेतली. दुपारी तिला एकाएकी कोनाडा दिसला. नुसता कोनाडा, सकाळी निघताना जसा दिसला होता तसा, आणि त्यात डबी नव्हती. सकाळी तिनं ते बघितलं होतं आणि बघून न बघितल्यासारखं केलं होतं, हे तिला तेव्हा कळलं. मालकाला न विचारता ती उठली. घरी आली तर फळी रिकामी होती. पोत्यात गुंडाळून बाळासोला काहीतरी लांब घेऊन जाताना शेजारच्या धोंडुबाईनं बघितलं होतं. "लेथचं काय सामान असंल म्हटलं," ती म्हणाली.

हुपरीच्या गाडीत तानाबाई उभी होती आणि तिच्या डोक्यात दोन बायका भांडत होत्या. एक म्हणत होती, पोचू दे त्याला, लागू दे एखादी, एक तरी नीट भरली असशील. दुसरी फक्त टोपणं मोजत होती. दारू नसलेल्या टोपणातली गोळी नुसत्या टोपीच्या जोरावर नळीत थोडी जाऊन अडकणार. मागून दुसरी आली की तिला जायला वाट नाही. मग नळी फाटणार आणि नळीखाली डावा हात असतो. बाळासोचा डावा हात, ज्यानं तो लेथचं चाक फिरवायचा. गाडी उसाच्या ट्रॉलीमागं रखडत चालली होती. तिला ड्रायव्हरची मान दिसत होती आणि त्या मानेचाही तिला राग येत होता.

चांदीच्या कारखान्यांच्या गल्लीत लोक भिंतींना चिकटून उभे होते. घराघरांतली ठोकठोक थांबली होती. गल्लीच्या तोंडाशी बाळासो उभा होता, बंदूक रोखून, पण चुकीची धरलेली, दस्ता खांद्याऐवजी बगलेत. समोर एका पडवीत ज्ञानू शेगडीजवळ उकिडवा बसला होता, हात वर करून. "पावनं, मी काय केलंय तुमचं?" तो विचारत होता. "कोन तुमी? सांगा तर खरं!"

"आकारामचा ल्योक मी," बाळासो ओरडला. "तानीचा भाऊ!"

"कुठली तानी?" ज्ञानू म्हणाला, आणि बाळासोनं चाप ओढला.

दिवाळीतली टिकली फुटावी एवढाच आवाज झाला. कुणीतरी भीतीनं हसलं. तानाबाईला त्या आवाजातच सगळं कळलं. "बाळासो, उडवू नगंस!" ती धावत ओरडली. "गोळी नळीत हाय! टाक खाली!" बाळासोनं बंदूक सांध्यात वाकवून टोपण काढलं, खिशातून दुसरं घातलं. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते तिनं पूर्वी कधी बघितलं नव्हतं. "त्येला वाचवायला आलीस?" तो म्हणाला. "अजून?" पडवीतून ज्ञानू म्हणाला, "तानी?" आवाजावरून त्यानं तिला ओळखलं होतं. ती दोन हात पुढं करून बाळासोवर झेपावत असतानाच त्यानं पुन्हा चाप ओढला.

या खेपेला आवाज मोठा झाला. नळी केळं सोलावं तशी फाटली होती. बाळासो उभाच होता आणि आपल्या डाव्या हाताकडं बघत होता. त्या हाताला अंगठा होता, करंगळी होती आणि मधे काहीच नव्हतं, नुसती चिंधी आणि पांढरं हाड. मग रक्त आलं आणि तो गुडघ्यांवर बसला. तानाबाईनं पदर गुंडाळायला घेतला, पण तिचं मनगट धरून कुणीतरी बाजूला केलं. तो ज्ञानू होता. त्यानं कोपराच्या वर गमछा आवळला, काठी घालून पिळला, पोरांना ओरडून कारखान्याच्या मालकाची जीप आणवली. त्याचे हात भराभर, नीट काम करत होते. ती त्या हातांकडं बघत राहिली. तेच पंजे होते.

कोल्हापुरात दवाखान्यात हात मनगटापासून कापला. पोलीस आले तेव्हा ज्ञानूच पुढं झाला. मेव्हणा आहे, जुनी बंदूक दाखवायला आणली होती, हातात फुटली, असं त्यानं सांगितलं. गल्लीतल्या लोकांनीही तेच सांगितलं. पोलीस फाटकी बंदूक घेऊन गेले. आणि मग ती गोष्ट पसरली. काडतुसं बहीणच भरायची, नवऱ्यावर उडणार हे तिला कळलं होतं, म्हणून तिनं मुद्दाम खोटी भरली, शेवटी धावतही आली. उचगावच्या बायका वॉर्डात भेटायला येत, बाळासोच्या खाटेशी उभ्या राहून सुस्कारे टाकत आणि तानाबाईकडं देवळातल्या मूर्तीकडं बघावं तसं बघत. "भावाचा हात गेला, पर कुकू राखलंस गं बाई," धोंडुबाई डोळे पुसत म्हणाली. "एवढा छळ सोसून. आमच्यानं झालं नसतं." तानाबाईनं बाळासोची चादर सरळ केली. अंगावर कुणी गरम तेल ओतत होतं आणि त्याला पूजा म्हणत होतं. बाळासो तिच्याशी बोलत नव्हता. ती भरवायची तो घास तो गिळायचा आणि तोंड भिंतीकडं करायचा.

एक दिवस तिसऱ्या प्रहरी, बायका बसलेल्या असतानाच, ज्ञानू आला. धुतलेले कपडे, हातात पुडकं. त्यानं पुडकं खाटेवर सोडलं. आत हिरवं लुगडं होतं आणि त्यावर पैंजणांचा जोड. "मी लई इचार केला," तो म्हणाला, मान खाली घालून, ओठ आत ओढून. "माझ्या हातनं तवा काय झालं असंल नसंल. खरं सांगतो, मला धड आठवतबी न्हाय. तरन्या वयात मानूस तापट असतंय. पर तू मनात ठेवलं न्हाईस. तुझ्यामुळं जिता हाय मी. चल घरला. बाळासोलाबी घेऊन चल, मी बघतो दोघांना." कुणीतरी बाई हुंदका देऊन रडली. धोंडुबाईनं लुगड्याची घडी उलगडून तानाबाईच्या मांडीवर पसरली.

तानाबाईनं लुगड्यावरून हात फिरवला. सूत चांगलं होतं. तिच्या आत फार शांत झालं होतं, ओढ्यात श्वास थांबायचा तसं.

"बस खाली," ती म्हणाली. ज्ञानू समोरच्या स्टुलावर बसला.

"मी खोटी न्हाय भरली," ती म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही. "तुझी छाती डोळ्यांम्होरं ठेवून भरली. हितं." तिनं त्याच्या सदऱ्यावर बोट ठेवलं, दुसऱ्या बटणाशी. "एकेका काडतुसाला तुला मारलं. पोटात मारलं, मांडीत मारलं. तू पडल्यावर तुझ्या तोंडावर उभी राह्यले. ते करताना मला एवढं ग्वाड वाटलं की दारू घालायची राह्यली. एवढंच झालं. शांतपनी भरली असती तर तू आज हितं लुगडं घेऊन आला नसतास. माझी चूक झाली."

वॉर्डात पलीकडं कुणाची तरी खाट करकरली. ज्ञानूनं तिच्याकडं बघितलं आणि या खेपेला नीट बघितलं. त्याच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला. तिनं हे तोंड किती वर्षं मनात रंगवलं होतं. ते अगदी तसंच होतं आणि बघून तिला काहीच वाटलं नाही. तो स्टुलावरून उठला, मागं सरकला, स्टूल आडवं झालं. ते उचलायला तो वाकला नाही. बायकाही एकेक करून उठल्या. जाताना धोंडुबाईनं तिच्या मांडीवरचं लुगडं गोळा केलं, पण कुठं ठेवावं हे न कळून पुन्हा तिथंच टाकलं.

बाळासोनं तोंड भिंतीकडून वळवलं होतं. "आक्का," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी त्यानं हाक मारली. "त्येला भ्या दावायला म्हनालीस न्हवं?"

"न्हाय."

"म्हंजी माझा हात..."

"माझ्यामुळं गेला. रागात भरलं मी." तिनं त्याचा उजवा, धड हात आपल्या हातात घेतला. त्याचे डोळे भरले होते. ते पाणी दुखण्याचं नव्हतं, सुटल्याचं होतं. तिनं त्याला फसवलं नव्हतं, एवढंच त्याला हवं होतं, असं तिला वाटलं.

"नळी साफ असती," तो म्हणाला, "तर त्यो मेला असता काय गं?"

"तुझ्याकडनं? तुला धरायला तरी कुठं येतीय," ती म्हणाली आणि तिला हसू आलं, खरंखुरं, पोटातून. तोही हसला, कळ येऊन थांबला. ती त्याच्या बोटांवरून अंगठा फिरवत होती. "मी जायला पायजे हुतं. मला एकच गोळी पुरली असती, बाळ्या. दुसरी भरायची येळच आली नसती."

ती हे प्रेमानं म्हणाली होती. बाळासोचं हसू तोंडावरच राहिलं. तो काडतुसं भरणाऱ्या तिच्या बोटांकडं बघत राहिला आणि मग, तिला लागू नये अशा बेतानं, त्यानं आपला हात तिच्या हातातून काढून चादरीखाली घेतला.